आठवं जॅकेट

१

फळीवरच्या आठही खिळ्यांवर बिल्ले परत आले होते. पाच नंबरचा बिल्ला सकाळी जिच्या गळ्यात होता, ती मुलगी मात्र आली नव्हती.

पंचफुला वाघमारे घाटावर पोचली तेव्हा सव्वाचार वाजले होते. जिंतूर आगारातली तिची ड्यूटी साडेतीनला सुटली आणि कंडक्टरचा खाकी ड्रेसही न बदलता ती स्कूटी घेऊन सरळ धरणावर आली होती. लेक सुकेशनी सकाळी नऊच्या बोटीनं बेटावर गेली होती. चारला बोट परतणार, मग मायलेकींनी सोबत घरी जायचं, एवढंच ठरलं होतं.

धरण भरलं तेव्हा एक गाव पाण्याखाली गेलं आणि त्या गावची गढी असलेली टेकडी तेवढी वर राहिली. लोक तिला गढीचं बेट म्हणायचे. माणसं उठून गेल्यावर तिथं पाखरं घरटी करायला लागली, म्हणून सरकारनं ते बेट राखीव केलं. दिवसाला आठच माणसं सोडायची, प्रत्येकाच्या गळ्यात नंबराचा बिल्ला घालून. नऊला न्यायची, चारला आणायची. टेकडीभोवतीच्या पायवाटेनं हिंडायचं, घरट्यांजवळ जायचं नाही, मुक्काम तर नाहीच. सुकेशनी परभणीला प्राणिशास्त्रात एम. एस्सी. करत होती आणि तिला प्रबंधासाठी घरटी मोजायची होती.

"मावशी, तुमीच बघा," चौकीवरचा वनरक्षक परमेश्वर म्हणाला. तिशीतला, सरळ वाटणारा माणूस होता. "आठ गेले, आठ आले. बिल्ले मीच खिळ्याला लावले."

"मग माझी लेक कुठं हाय?"

"आली असंल न् गेली असंल. फोन लावा की."

फोन बंद येत होता. पंचफुलानं धरणाच्या भिंतीवर जाऊन सात वेळा लावून पाहिला होता.

बोट चालवणारा राम काठावर इंजिन पुसत होता. तो मान वर न करता म्हणाला, "मी सोता मोजलंय, ताई. आठ म्हंजे आठ. एक कमी असता तर बोट हाललीच नसती."

चहाच्या टपरीवरून नर्मदाबाईनं आवाज दिला, "एक पोरगी तोंडाला ओढणी गुंडाळून मोटारसायकलवर बसून गेली की. आत्ताच, चारला."

सगळ्यांनी पंचफुलाकडं पाहायचं टाळलं, आणि त्यांच्या मनात काय आलं ते तिला न सांगताच कळलं. चोवीस वर्षांची पोरगी, बंद फोन, मोटारसायकल. उद्या पोलीस चौकीतही हेच ऐकायला मिळणार होतं. येईल दोन दिवसांनी, वाट बघा.

"ती बेटावरच हाय," पंचफुला म्हणाली. "बोट परत सोडा."

"चारच्या नंतर बोट सोडता येत न्हाई. पाण्यात बुडालेल्या झाडांची खोडं हायत, अंधारात बोट फुटती. आन् गणती बराबर असताना मी बोट सोडली तर वर खुलासा काय देऊ?" परमेश्वरनं घड्याळ पाहिलं. "ती तिकडंच राहिली हे मला दाखवून द्या, मावशी, मी सोडतो. पण पाचच्या पुढं राम बी येणार न्हाई. सव्वासहाला दिवस बुडतो."

चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

२

पंचफुलाची बावीस वर्षं एसटीत गेली होती. भरल्या गाडीत कोण कुठं चढलं, कोणाकडं तिकीट नाही, कोण झोपेचं सोंग घेऊन बसलंय, हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. तिनं परमेश्वरकडं रजिस्टर मागितलं.

आठ नावं होती. परभणीच्या एका पतसंस्थेतले चौघे, तीन पुरुष आणि अर्पिता नावाची एक मुलगी. ते दोन मोटारसायकलींवर निघून गेले होते. सेलूचे निवृत्त मास्तर दिनकरराव आणि त्यांच्या पत्नी पार्वतीबाई टपरीवर चहा घेत होते. फोटो काढणारा नागेश आपली बॅग भरत होता. आणि सुकेशनी.

अर्पिताचा नंबर रजिस्टरमध्ये होता. रेंज फक्त धरणाच्या भिंतीवर मिळायची. पंचफुला पळत पुन्हा वर गेली. तिसऱ्यांदा फोन लागला.

"हो काकू, हिरवी ओढणी ना? ती मीच," पलीकडून मुलगी म्हणाली. "आम्ही जिंतूर स्टँडवर थांबलोय. का हो?"

"बोटीत माझी लेक होती. चष्मा, गळ्यात दुर्बीण."

"सकाळी होती. येताना..." अर्पिता थबकली. "येताना लक्षच नाही गेलं. आम्ही मागच्या फळीवर पाण्याकडं तोंड करून बसलो होतो. जाताना इतकी दाटी होती की माझी बॅग मांडीवर होती. येताना शेजारी ठेवता आली, एवढं आठवतं."

पंचफुला खाली आली. ऐकून घेतल्यावर परमेश्वरनं मान डोलावली, पण त्याचं समाधान झालं नाही.

"म्हंजे मोटारसायकलवर ती नव्हती, एवढंच झालं. बेटावर हाय, हे न्हाई झालं."

तेवढ्यात दिनकरराव कप खाली ठेवून पुढं आले. त्यांनी आवाज हळू केला.

"बाई, एक सांगू का? दुपारी त्या फोटोवाल्याचं आणि तुमच्या मुलीचं कडाक्याचं भांडण झालं होतं. गढीच्या खाली. आम्ही दोघांनी ऐकलं."

पंचफुलानं वळून पाहिलं. नागेश बॅग खांद्याला लावून झपाझपा गाडीकडं निघाला होता.

३

"मी तिच्याशी बोललोच नाही," नागेश म्हणाला. पंचफुला त्याच्या गाडीच्या दारासमोर उभी राहिली होती. त्याच्या मनगटावर दोन ताजे ओरखडे होते.

"हे काय?"

"बाभळीचे काटे लागले."

"दोन माणसांनी तुमचं भांडण ऐकलंय. दादा, मी पोलीस न्हाई. मी तिची आई हाय. तिला तुमी ढकललं असंल, मारलं असंल, तरी सांगा. निदान कुठं पडलीय ते तरी सांगा."

हे शब्द आपल्याच तोंडून निघालेत हे तिला ऐकल्यावर कळलं. तिनं गाडीच्या दाराला धरलं. नागेशनं कॅमेरा काढला आणि मागचे फोटो दाखवायला लागला.

एका घरट्याचे फोटो होते, अगदी हातभरावरून काढलेले. पुढच्या फोटोत पाखरू उडालेलं होतं आणि घरटं उघडं. त्याच्या पुढच्या फोटोत सुकेशनी होती, संतापलेली, एक हात कॅमेऱ्यावर येणारा. फोटोवरची वेळ एक वाजून चाळीस मिनिटं.

"मी घरट्याच्या फार जवळ गेलो होतो," तो म्हणाला. "तिनं मला हटकलं. तक्रार करते म्हणाली. परवाना जाईल म्हणून मी आत्ता खोटं बोललो. ओरखडे काट्याचेच आहेत, घरट्यापर्यंत घुसताना लागले."

"नंतर?"

त्यानं शेवटचा फोटो दाखवला. दुरून काढलेला. गढीच्या पडक्या भिंतीतल्या खिंडारातून सुकेशनी आत शिरत होती, पाठमोरी.

"ती गढीत गेली. मी खाली आलो आणि तीनपासून बोटीजवळच बसून होतो. विचारा त्यांना."

"व्हय, हा बसला होता," राम म्हणाला.

"आन् येताना ती बोटीत होती का?"

नागेशनं कॅमेरा बॅगेत ठेवला. "खरं सांगू? मी मान वरच केली नाही. ती समोर असेल आणि नजरेला नजर जाईल, या भीतीनं."

पाचला वीस मिनिटं कमी होती. बेट समोर दिसत होतं. उन्हात उजळलेली टेकडी आणि तिच्यावर गढीची मातीची भिंत. जाऊन यायला पंधरा-पंधरा मिनिटांचं पाणी. पंचफुलाला क्षणभर वाटलं, बोट हिसकावून घ्यावी.

४

पार्वतीबाईंनी तिला टपरीच्या बाकावर बसवलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. पंचफुलानं तो हातात नुसता धरून ठेवला.

"गोड मुलगी आहे हो तुमची," पार्वतीबाई म्हणाल्या. "सकाळी माझ्याच शेजारी बसली होती. मला पाखरांची नावं सांगत होती."

"आन् येताना शेजारी कोण होतं?"

"येताना? तो वाटाड्या बसला होता, मुंजाजी. गारठला होता बिचारा. जॅकेट घालून, मान खाली घालून बसला होता. मी म्हटलं बरं नाही का, तर काही बोलला नाही."

मुंजाजी हा बेटावर लोकांबरोबर जाणारा वाटाड्या. पन्नाशीचा, काटकुळा माणूस. सकाळी तोच पायवाट दाखवायचा, दुपारी शिटी वाजवून लोकांना गोळा करायचा आणि घाटावर सगळ्यांचे बिल्ले घेऊन परमेश्वरकडं द्यायचा. आत्ता तो चौकीमागं सायकलचं कुलूप काढत होता.

"मुंजाजीभाऊ," पंचफुला त्याच्याजवळ गेली. "पाच नंबरचा बिल्ला तुमच्याकडं कोणी दिला?"

"त्या पोरीनंच. इथं, घाटावर."

"हातात दिला?"

"हातात दिला. म्हणली, रेंज बघून येते. गेली भिंतीकडं."

पंचफुला भिंतीवर जाऊन आली होती. वर कुणी नव्हतं. पण हे ऐकून परमेश्वरचे खांदे सैल झाले. "बघा मावशी. आली हाय ती. तिकडंच कुठंतरी असंल."

पंचफुला फळीपाशी गेली. सात बिल्ले आपापल्या दोरीच्या फासानं खिळ्याला अडकवलेले होते. पाच नंबरचा तेवढा भोकातून खिळ्यात घातलेला होता. दोरीचं एकच टोक खाली लोंबत होतं, पिसकटलेलं, ओढून तुटल्यासारखं.

"ही दोरी अशी कशी?"

"जुनी असंल. तुटली," मुंजाजी म्हणाला. त्यानं सायकलच्या हँडलवरून हात काढला नाही.

तुटली असेल, असं परमेश्वरलाही वाटलं. जुन्या दोऱ्या तुटतातच. पण पंचफुलानं ते टोक बोटांत धरलं. गळ्यातली दोरी तुटते तेव्हा माणसाला काहीतरी झालेलं असतं.

पाच वाजायला दहा मिनिटं होती. राम बोट साखळीनं बांधायला निघाला.

५

"साहेब," पंचफुला म्हणाली. तिचा आवाज आता विनवणीचा झाला होता. "मला तेवढं जाऊ द्या. एक लाइफ जॅकेट द्या, मी एकटी त्या रामभाऊसोबत जाती. माझी जिम्मेदारी मी लिहून देती."

"जॅकेटाचा सवाल न्हाई, मावशी. सगळी आठ वाळत पडलीत तिथं, कोणतं बी घ्या. सवाल परवानगीचा हाय."

"सगळी आठ? म्हंजे तुमच्याकडं आठच हायत?"

"आठच. म्हणून तर आठ माणसं सोडतो."

"मंग मुंजाजी काय घालतो?"

"काय बी न्हाई. त्याला पवता येतं. तो पुढं उघडाच बसतो रोज."

पंचफुला जागेवर उभी राहिली. काठावरच्या कठड्यावर आठ नारिंगी जॅकेटं ओळीनं टाकलेली होती. तिच्या डोक्यात गाडी भरायला लागली, एकेक प्रवासी, एकेक सीट. तिनं रामला हाक मारली.

"रामभाऊ, तुमी येताना काय मोजलं? माणसं का जॅकेटं?"

राम गोंधळला. "मी मागं इंजिनपाशी असतो. नारिंगी रंग मोजतो. आठ होते."

"एखादा जॅकेट न घालता बसला तर?"

"बसूच देत न्हाई. मुंजाजी सोडून एकालाबी न्हाई."

"आन् आज पुढं, रोजच्या जागी, मुंजाजी होता?"

रामनं बोटीच्या पुढच्या फळीकडं पाहिलं. "पुढं... पुढं कुणीच नव्हतं. मला वाटलं, वाऱ्याला आत बसला असंल."

"आत बसला होता. जॅकेट घालून बसला होता. पार्वतीबाईंच्या शेजारी." पंचफुला परमेश्वरकडं वळली. ती सावकाश बोलत होती, कारण घाई केली असती तर रडू फुटलं असतं. "साहेब, आमच्या गाडीत तिकिटं मोजताना डायवर-कंडक्टर धरत न्हाईत. तुमी बी बिल्ले मोजताना मुंजाजीला धरत न्हाई. सकाळी आठ जॅकेटवाले गेले, वर हा एक. नऊ. येताना आठच जॅकेटं, आन् त्यातलं एक ह्याच्या अंगावर. मंग प्रवासी किती राहिले?"

परमेश्वरचे ओठ हलले. "सात."

"चौघं पतसंस्थेचे, मास्तर आन् बाई, फोटोवाला. सात. माझी लेक बोटीत नव्हतीच. मंग घाटावर तिनं ह्याच्या हातात बिल्ला दिला कसा?"

चौकीमागून सायकल पडल्याचा आवाज आला.

६

मुंजाजी पळाला नाही. सायकल पडली तिथंच तो मातीत बसला होता, दोन्ही हात डोक्यावर घेऊन.

परमेश्वर त्याच्या अंगावर धावला तेव्हा पंचफुलानं त्याला बाजूला केलं. ती मुंजाजीसमोर उकिडवी बसली.

"कुठं हाय ती? बाकी मला काय बी सांगू नका. कुठं हाय?"

"आडात," तो म्हणाला. "गढीतल्या आडात पडली, ताई. मेली. माझ्यानं काय बी झालं न्हाई."

गढीत एक जुना आड होता, खोल आणि अरुंद. गवतात त्याचं तोंड दिसत नसे. पावसाळ्यानंतर त्याच्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालायचं काम मुंजाजीकडं होतं. केलं, म्हणून त्यानं दिवाळीतच सांगितलं होतं. केलं नव्हतं. आज तीनच्या शिटीला सातच माणसं आली, म्हणून तो गढीत गेला, तर आडाच्या काठाला, उपटलेल्या गवतात, तुटल्या दोरीचा बिल्ला होता. किनाऱ्यावर, लोक हिंडायला जाताना जिथं जॅकेटं टांगतात, तिथं तिचं जॅकेट तसंच होतं. नोकरी जाणार, वरून जेल होणार, एवढंच त्याला सुचलं. त्यानं ते जॅकेट अंगात घातलं.

"तुमी तिला मेलेली बघितलं?"

"आत अंधार होता. दिसलं न्हाई."

"हाक मारली?"

"दोनदा मारली."

"आन् मंग?"

"मंग आलो."

पंचफुला उठली. दोन हाका. त्या दोन हाकांवर तिची लेक मेली असं ठरवून हा माणूस बोटीत बसला होता. तिला त्याचा गळा धरावासा वाटला, पण त्यात वेळ गेला असता.

राम आधीच साखळी सोडत होता. परमेश्वरनं चौकीतला जाड दोर आणि दोन बॅटऱ्या घेतल्या. नर्मदाबाईनं टपरीतली घोंगडी आणून पंचफुलाच्या हातात कोंबली आणि मान खाली घालून मागं सरली. दिनकरराव ॲम्ब्युलन्स बोलवायला भिंतीकडं निघाले.

"ह्याला पण घ्या," पंचफुला म्हणाली. "आडात उतरायला माणूस लागंल."

पाच वाजून पाच मिनिटांनी बोट निघाली.

७

पंचफुला पुढच्या फळीवर बसली होती. पाण्यातून वर आलेल्या काळ्या खोडांमधून राम बोट काढत होता आणि ती मनात लेकीला एकच सांगत होती, थांब. मेली असेल तर असेल, हे ती दुसऱ्या मनानं जाणून होती. त्या दुसऱ्या मनाला तिनं बोलू दिलं नाही.

टेकडी चढताना तिला धाप लागली, पण ती कुठं थांबली नाही. गढीच्या खिंडारातून आत शिरताच तिनं हाक मारायला सुरुवात केली. आडाच्या तोंडाशी पालथी पडून तिनं आत डोकं घातलं.

"सुके! ए सुके!"

दोन पारवे फडफडत तिच्या तोंडावरून वर गेले. मग काहीच नाही. तिनं पुन्हा हाक मारली. पाचवी, सहावी. परमेश्वरनं बॅटरी आत धरली तर गवत, दगड आणि खोल कुठंतरी चकाकणारं पाणी. नवव्या हाकेनंतर पंचफुला थांबली, कान खाली लावला आणि हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

खालून आवाज आला. शब्द नव्हता. घशातून घासून निघालेला, घुमल्यासारखा आवाज.

मुंजाजी काही न सांगता दोर कमरेला बांधायला लागला. राम आणि परमेश्वरनं त्याला खाली सोडलं. बऱ्याच वेळानं तो ओरडला, "जित्ती हाय! पाय मोडलाय!" पंचफुला तेव्हाही रडली नाही. रडली ती सुकेशनीचं चिखलानं माखलेलं डोकं काठावर आलं आणि तिचा बर्फासारखा गार हात हाती लागला तेव्हा.

सुकेशनी गुडघाभर पाण्यात, भिंतीला टेकून चार तास बसली होती. नडगी मोडली होती, ओठ निळे पडले होते आणि ओरडून ओरडून आवाज गेला होता. पंचफुलानं तिला घोंगडीत गुंडाळून पोटाशी धरलं.

"आई," ती कुजबुजली, "शिटीच्या नंतर कुणीतरी हाक मारली होती."

"बोलू नको, माय."

"मी ओ दिली होती. दोन्हीबी वेळा दिली. मग पावलं लांब गेली. मग इंजिनाचा आवाज आला."

मुंजाजी नुकताच वर आला होता. दोरानं त्याचे तळवे सोलले होते. तो दोर गुंडाळत होता, तो थांबला.

परमेश्वर त्याच्याकडं पाहत म्हणाला, "ओ ऐकू आली होती तुला?"

"पारवं घुमायलेत, असं वाटलं," मुंजाजी म्हणाला.

पंचफुलानं मान वर केली. "वाटलं, का वाटून घेतलं?"

त्यानं आडाकडं बघितलं. खाली पाण्यात दिवसाचा शेवटचा उजेडही आता पोचत नव्हता.

"वाटून घेतलं, ताई," तो म्हणाला. "साहेब, तेवढं लिवून घ्या."

राम उजेडाकडं बघून घाई करायला लागला. सुकेशनीला घोंगडीसकट उचलून टेकडी उतरायची होती आणि त्याला चार माणसं लागणार होती. परमेश्वरनं एक टोक धरलं, रामनं दुसरं, पंचफुलानं डोक्याकडचं तिसरं. मुंजाजी आपले सोललेले हात घेऊन बाजूला उभा होता.

पंचफुलानं एकदा लेकीच्या तोंडाकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं.

"धरा," ती म्हणाली. "आन् हळू चाला."